मत्स्यालयात मासे दिसले तर कळवा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाईत असाल तर सरळ पुढे जा.

भाचीला घेऊन शहरातल्या त्या नव्या मत्स्यालयात गेले होते. 'तंत्रज्ञान आणि सागरी जीवनाचा अनोखा संगम' वगैरे. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. आत शिरल्या शिरल्या काय, तर भिंतभर प्रोजेक्टरचा देवमासा. पाऊल टाकाल तिथे फरशीवर उजेडाच्या लाटा. छतातून घुमणारं संगीत. पुढच्या दालनात मुलांनी कागदावर मासा रंगवायचा, तो स्कॅन झाला की समोरच्या पडद्यावर पोहायला लागतो. आणि खरे मासे? होते की. कडेकडेने, दोन पडद्यांच्या मधे उरलेल्या जागेत.

जेलीफिशच्या दालनात तर कहर. मून जेलीफिश जवळजवळ पारदर्शक असतो, त्याचं नवल तेच. तर त्याच्यावर एलईडी मारून त्याला क्षणात जांभळा, क्षणात पोपटी करणं चाललेलं, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतायत. 'त्याला मेंदू नाही, हृदय नाही, त्याला काय कळतंय' असं मागून एक काका म्हणाले. अहो काका, त्याच्या छत्रीच्या कडेला उजेड-अंधार ओळखणारी इंद्रियं असतात. निदान तेवढी तरी ठेवा की त्याच्यासाठी!

पण माझं डोकं फिरलं ते कटलफिशपाशी. कटलफिश म्हणजे माकुळाच्या कुळातला जीव. कोपऱ्यातली टाकी, समोर कुणी नाही. भाचीने काचेवर दोन बोटं ठेवली आणि फोनवर फोटो मोठा करतो तशी फाकवली. काही झालं नाही. पुन्हा केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हा हँग झालाय."

हसू आलं आधी. मग नाही आलं.

कारण तो हँग झालेला नव्हता, तो आमच्याकडे बघत होता. त्या इंग्रजी डब्ल्यूसारख्या बाहुलीच्या डोळ्यांनी. या प्राण्याच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात, प्रत्येकीला स्नायू, आणि त्यांची दोरी थेट मेंदूच्या हातात. निमिषात पट्टे उमटतात, निमिषात वाळूचा रंग येतो. गंमत म्हणजे तो स्वतः रंगांध. तीन हृदयं, निळसर रक्त, आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. त्या अख्ख्या इमारतीतला सगळ्यात भारी पडदा त्या कोपऱ्यात होता, आणि पोरीला वाटलं बिघडलाय. तिची काय चूक? तासभर आम्ही तिला हेच शिकवलं ना, की बोट लावलं की मासा हलतो.

टाकीवर नावाची पाटीसुद्धा नाही. क्यूआर कोड. नाव हवं तर अ‍ॅप उतरवा. उतरवलं. त्यात कटलफिश नाहीच!

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणार की झगमगाट असतो म्हणून तिकिटं खपतात आणि त्या पैशावरच टाक्या चालतात. असेल. मान्य. पुढे?

मुळात मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाहीच. उलट मी म्हणते, दाखवायचंच तर खरं तंत्रज्ञान दाखवा. समुद्रापासून लांब, बंद इमारतीत खारं पाणी जिवंत ठेवणं हा काय पोरखेळ आहे? माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्यांच्यासाठी विष. ते विष पचवणारे जीवाणू गाळणीत वसवावे लागतात. एक जण अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. त्यांची वस्ती बसायला काही आठवडे जातात, तोवर नव्या टाकीत मासे भरता येत नाहीत. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्या फेसाबरोबर घाण वर काढतात, ओझोन देतात, पाणी गार ठेवतात. जेलीफिशला तर चौकोनी टाकी चालतच नाही, कोपऱ्यात अडकून फाटतो बिचारा. म्हणून क्रायझेल नावाची गोल टाकी, पाणी सतत वर्तुळात फिरवत ठेवणारी. जपानच्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयात २२.५ मीटर रुंद आणि ८.२ मीटर उंच अ‍ॅक्रिलिकची खिडकी आहे, जाडी ६० सेंटिमीटर, पलीकडे देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, पोहतात. हे बघायला मी रांगेत उभी राहीन. पण पंपघराचं दार बंद, वर पाटी 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'.

हे सगळं मला कळलं ते एका गमबूट घातलेल्या मुलीमुळे. ती कटलफिशला खायला घालायला आली होती. भाचीचं 'हँग झालाय' तिने ऐकलं, हसली, आणि पाण्यात एक कोळंबी सोडली. कटलफिशच्या तोंडाजवळून दोन लांब सोंडा सुटल्या, कोळंबी गायब. भाची किंचाळलीच. नंतर तिने जे प्रश्न विचारले ते पडद्यावरच्या देवमाशाला एकदाही विचारले नव्हते. आणि ती मुलगी, दमलेली, हात ओले, एकेकाचं उत्तर देत उभी राहिली. तिच्यासाठी तरी मी इतकं कडवट लिहायला नको होतं, पण तिला माइक नाही दिलेला त्या लोकांनी. माइक लेझर शोवाल्याकडे.

शो सुरू झाला तेव्हा मोठ्या टाकीचे दिवे मालवले. मासे होते तिथेच होते, ते दिसू नयेत म्हणून अंधार! टाकी म्हणजे शोपीस समजलं की असंच होतं. बर्लिनमध्ये हॉटेलच्या लॉबीत दहा लाख लिटरची टाकी उभी केली होती, मधून लिफ्ट जायची. डिसेंबर २०२२ मध्ये पहाटे ती फुटली. सुमारे १५०० मासे, बहुतेक सगळे मेले. पाहुणे खोल्यांत झोपलेले होते म्हणून माणसं वाचली.

असो. चिडचिड झाली बरीच. ती मुलगी म्हणाली, सकाळी दार उघडताच या, तेव्हा खायला घालतो आणि शो सुरू झालेले नसतात. भाचीने येतानाच ठरवून टाकलंय, शाळा बुडवायची. ताई, ही पोस्ट तू वाचणारच आहेस, म्हणून सगळ्यांसमोर विचारतेय. आता नाही म्हणून दाखव.