उणे ४० मध्ये बारमाही बाग जगत नाही? जगते!

कॅनडातल्या मराठी मंडळींत दर वसंतात एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: 'प्रेअरी प्रांतांत (अल्बर्टा, सास्काचेवान, मॅनिटोबा) थंडी उणे ४० पर्यंत जाते, त्यामुळे खाण्याजोगी बारमाही झाडं इथे जगत नाहीत. जमीन गोठते, मुळं मरतात. उन्हाळा जेमतेम शंभर दिवसांचा, फळ धरायला वेळच नाही. झाकून, ऊब देऊन वाचवलंच, तर फळ आंबटढोण. त्यापेक्षा दर वर्षी टोमॅटो-मिरची लावा.' नव्यानं घर घेतलेली कितीतरी कुटुंबं हे वाचून अंगणात नुसतं गवत ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'उणे ४० मध्ये झाड मरतं.' कोणतं झाड आणि वर्षाच्या कोणत्या दिवशी, हे आधी विचारायला हवं. ऑगस्टमध्ये दिवस बरेच लहान झाले की इथली झाडं वाढ थांबवतात. पेशींत साखर साठते. पुढे गारठा हळूहळू वाढतो, तसं पेशीतलं पाणी बाहेरच्या पोकळीत झिरपतं आणि तिथे गोठतं. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर ती फाटते. बाहेर झाले तर तगते. प्रयोगशाळेत हळूहळू थंड करत नेलेल्या विलो झाडाच्या काड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवूनही जिवंत राहिल्या आहेत. तीच काडी ऐन उन्हाळ्यात शून्याखाली काही अंशांतच मेली असती. झाडाला तयारीला वेळ मिळाला का, हा खरा प्रश्न आहे. आणि ती तयारी आपणच बिघडवतो: ऑगस्टमध्ये नत्रयुक्त खत घालतो, कोवळी फूट येते आणि पहिल्याच कडाक्यात जळते.

'जमीन गोठते, मुळं मरतात.' यात थोडं तथ्य आहे. मुळं फांद्यांपेक्षा बरीच नाजूक असतात. पण फूटभर भुसभुशीत बर्फाखाली मातीचा वरचा थर शून्याच्या थोडा खालीच राहतो, वर हवा कितीही कडक असो. म्हणून वाटेवरचा बर्फ फावड्यानं उचलाल तेव्हा तो वाफ्यांवर टाका (मीठ टाकलेला मात्र नको). कुंडीतल्या मुळांना हे पांघरूण मिळत नाही, चहूबाजूंनी गारठा लागतो. बाल्कनीतली झाडं मेली, यावरून जमिनीतल्या झाडांविषयी निष्कर्ष काढू नये. सफरचंदाचं कलम घेताना खुंट (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय ते) कोणता, तेही विचारा. वरची जात काटक आणि खुंट नाजूक असेल तर उपयोग नाही. सायबेरियन क्रॅबॲपल किंवा अंतोनोव्का या जातींचे खुंट थंडीला पुरून उरतात.

'शंभर दिवसांत फळ येत नाही.' टोमॅटोला बियाण्यापासून फळापर्यंत सगळा प्रवास एका मोसमात करायचा असतो, अडचण त्याची आहे. बारमाही झुडपाच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात. शिवाय जूनमध्ये एडमंटनला सतरा तास उजेड असतो. निळ्या, लांबट फळांचं हॅस्कॅप बघा: झुडूप उणे ४७ पर्यंत टिकतं, उमललेली फुलं उणे ७ सोसतात आणि जूनअखेर फळ हातात येतं. त्या वेळी शेजाऱ्यांचे टोमॅटो नुकते रुजलेले असतात. सास्काचेवान विद्यापीठानं २००७ मध्ये त्याच्या टुंड्रा, बोरिअॅलिस या जाती दिल्या. त्याआधी १९९९ मध्ये तिथूनच कार्माइन ज्युएल ही बुटकी आंबट चेरी आली होती. आणि सास्काटून बेरी तर इथली मूळचीच. इथले आदिवासी समाज ती सुकवून बायसनच्या मांसात आणि चरबीत घालून पेमिकन करत, त्यावर लांबचे प्रवास निभावत. 'इथे काही उगवत नाही' असं म्हणणं म्हणजे त्यांचं सगळं ज्ञान पुसून टाकणं.

'झाकून, ऊब देऊन वाचवा.' ही कल्पना सर्वांत घातक. या झाडांना गारठ्याचे ठरावीक तास मिळाल्याशिवाय ती नीट फुलतच नाहीत, त्यामुळे त्यांना घरात आणू नका. कॅल्गरीत चिनूकनंही झाडं दगावतात. तो उबदार वारा काही तासांत पारा वीस अंशांनी चढवतो, झाड फसतं आणि मग पुन्हा कडाका येतो. फेब्रुवारी-मार्चचं ऊन नैऋत्येकडची साल दिवसा तापवतं, सूर्य मावळताच ती गोठून चिरते. त्यासाठी खोडाला पांढरं वेष्टण पुरतं, सशांपासूनही बचाव होतो. स्ट्रॉबेरीवर गवताचं आच्छादन घालायचं तेही ऊब देण्यासाठी नाही, तापमानाचे हेलकावे कमी व्हावेत म्हणून. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी दर वर्षी नव्यानं लावतात. इथे तोच वाफा तीन-चार वर्षं फळ देतो.

'आंबटढोण.' सास्काटून गोड असते, हे एक. दुसरं, कैरी, चिंच, आमसुलावर वाढलेल्यांनी आंबटाला नावं ठेवावीत? रुबार्बच्या देठांचा मेथांबा करून बघा, आमटीत दोन तुकडे टाका. पानं मात्र विषारी, ती खायची नाहीत. ॲस्पॅरॅगस ही आपल्या शतावरीच्याच कुळातली. पहिली दोन वर्षं कोंब कापले नाहीत, तर पुढे पंधरा वर्षं वाफा चालतो.

आंबा, पेरू, कढीपत्ता बाहेर जगणार नाही, हे मान्यच. पीचचा हट्टही सोडा. रोप घेताना चिठ्ठीवर झोन (थंडी सोसण्याचा पट्टा; आकडा जितका लहान, तितकी जास्त थंडी सोसतं) ३ किंवा त्याहून कमी आहे ना, ते पाहा. आणि हॅस्कॅप एकटं लावू नका. एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती हव्यात, नाहीतर फुलं भरभरून येतील आणि फळ धरणार नाही.