पाच वर्षं राहा आणि पासपोर्ट घ्या? एका ढकलपत्राची उलटतपासणी

‘परदेशात स्थायिक व्हायचंय? मग हे वाचाच’ असं डोक्यावर लिहिलेलं एक ढकलपत्र गेले काही दिवस वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे येतंय. त्यात पाच दावे आहेत. कुठल्याही देशात पाच वर्षं राहिलं की नागरिकत्व हक्कानं मिळतं. तिथल्या माणसाशी लग्न केलं तर लगेच मिळतं. मूल तिथे जन्मलं तर मुलाबरोबर आईबापही नागरिक होतात. पैसे असतील तर घर विकत घ्या, घरासोबत पासपोर्ट येतो. आणि एकदा मिळालं की जुनं नागरिकत्वही राहतं, नवंही, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. शेवटी एक ठसकेबाज ओळ: ‘वकील हे सांगणार नाहीत, त्यांची फी बुडेल.’

यातला कुठलाही दावा हवेतून काढलेला नाही, हीच खरी अडचण. प्रत्येकामागे कुठल्या तरी देशाचा, कुठल्या तरी काळातला नियम आहे. त्याची टोकं छाटून तो साऱ्या जगाला लावला आहे.

पाच वर्षांपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. हा आकडा बहुधा अमेरिका किंवा ब्रिटनवरून उचललेला असावा. दोन्हीकडे पाच वर्षं लागतात हे खरं. पण कोणती पाच? अमेरिकेत हे घड्याळ ग्रीन कार्डाचा दर्जा मिळतो त्या दिवशी सुरू होतं. विद्यार्थी व्हिसावर काढलेली चार वर्षं आणि नंतर नोकरीच्या व्हिसावर काढलेली सहा वर्षं, यांतला एकही दिवस त्यात धरत नाहीत. दहा वर्षं राहिलेला, कर भरलेला माणूस नागरिकत्वाच्या हिशेबात शून्यावर उभा असू शकतो. ब्रिटनमध्ये आधी कायम वास्तव्याची परवानगी मिळवावी लागते, आणि ती मिळाल्यावर सर्वसाधारणपणे आणखी १२ महिने थांबून मग अर्ज करता येतो. कॅनडा त्या मानानं उदार: अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष देशात हजर असायला हवं. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळण्याआधी तात्पुरत्या परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस तिथे अर्धा धरतात, तोही एकूण ३६५ दिवसांच्या मर्यादेत.

‘राहणं’ या शब्दाचाही कायदा स्वतःचा अर्थ लावतो. तिथे घर भाड्याने आहे, बँकेत खातं आहे, म्हणजे राहणं होत नाही. ब्रिटनमध्ये नेहमीच्या पाच वर्षांच्या मार्गात देशाबाहेर काढलेले दिवस साधारण ४५० पेक्षा जास्त नकोत आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नकोत. अमेरिकेत पाच वर्षांपैकी निदान ३० महिने शरीरानं तिथे असावं लागतं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात, ते तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. आजारी आईजवळ आठ महिने थांबलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला हा नियम कळतो. म्हणून अनुभवी अर्जदार पहिल्या दिवसापासून प्रवासाच्या तारखांची वही ठेवतात.

शिवाय ‘कुठल्याही देशात’ हे तर साफ चूक. अर्जेंटिनात दोन वर्षं पुरतात. स्पेनमध्ये सर्वसाधारण माणसाला दहा, पण लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या किंवा फिलिपिन्सच्या नागरिकाला दोनच, कारण जुन्या साम्राज्याचं नातं कायद्यात अजून शिल्लक आहे. जर्मनीनं २०२४ मध्ये आठाची पाच केली. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्यांना दहा वर्षं लागतात. ती पाचावर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झालं, पण पुरेसे मतदारच आले नाहीत आणि ते बाद ठरलं. भारतात साधारण अर्जदाराला बारा. लिश्टेनश्टाइनमध्ये दीर्घ वास्तव्याच्या मार्गानं तीस. आखाती देशांत तर वर्षं मोजून फारसा उपयोगच नाही. संयुक्त अरब अमिरातीनं जानेवारी २०२१ मध्ये काही गुंतवणूकदार, शास्त्रज्ञ, डॉक्टर, कलावंतांना नागरिकत्व द्यायची सोय केली, पण त्यासाठी तिथल्या राज्यकर्त्यांच्या वर्तुळातून नाव सुचवलं जावं लागतं, स्वतःहून अर्ज करून चालत नाही.

राहिला ‘हक्कानं’ हा शब्द. जर्मनीसारख्या देशात अटी पूर्ण केल्या तर खरोखरच हक्क निर्माण होतो, हे मान्य. पण बऱ्याच ठिकाणी शेवटचा निर्णय सरकारच्या मर्जीचा असतो. डेन्मार्कमध्ये नव्या नागरिकांची नावं चक्क विधेयकात घालून संसदेत मंजूर केली जातात. २०१९ पासून समारंभात हस्तांदोलन करणंही सक्तीचं झालं. स्वित्झर्लंडमध्ये गाव, कँटन (प्रांत) आणि संघराज्य अशा तिन्ही पायऱ्यांवर होकार लागतो. तिथल्या एमेन या गावात २००० साली अर्जदारांची माहिती मतदारांकडे पाठवून मतपेटीतून निकाल लावला गेला. इटालियन अर्जदार पास झाले आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले अर्जदार नापास. २००३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं अशी मतदानं घटनाबाह्य ठरवली. म्हणजे शेजाऱ्यांना तुम्ही आवडता का, यावर नागरिकत्व ठरत होतं, आणि तेही फार जुन्या काळात नव्हे. परीक्षांचं मी इथे लांबवत नाही. भाषेची आणि देशाच्या माहितीची चाचणी आता पुष्कळ देशांत असते, आणि ढकलपत्रात तिचा उल्लेखही नाही.

आता लग्न. ‘लगेच’ ही गोष्ट एके काळी खरी होती, पण कशासाठी ते पाहा. १९२२ पर्यंत अमेरिकन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री बहुधा आपोआप अमेरिकन व्हायची. त्याच न्यायानं १९०७ च्या कायद्याखाली परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जायचं. बायकोचा देश म्हणजे नवऱ्याचा देश, एवढाच त्यामागचा विचार. ब्रिटिश स्त्रियांची यातून सुटका व्हायला १९४९ उजाडलं. स्त्रियांना स्वतःचं वेगळं नागरिकत्व मिळू लागलं तशी लग्नातून आपोआप पदरात पडणारी नागरिकत्वंही गेली. त्यामुळे कोणी ‘पूर्वी कसं सोपं होतं’ म्हणून उसासा टाकला की मला हसू येतं.

आज लग्नामुळे फक्त मुदत कमी होते. अमेरिकेत पाचाऐवजी तीन वर्षं, तीही ग्रीन कार्ड मिळाल्यापुढची, आणि त्या काळात संसार एकत्र हवा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते अटींसह, दोनच वर्षांचं असतं. लग्न खरं आहे ते त्यानंतर पुन्हा दाखवावं लागतं. संशय आला तर नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. कागदोपत्री लग्न उघडकीला आलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी अर्ज केला तरी ही नोंद आडवी येते. फ्रान्समध्ये लग्नानंतर चार वर्षं, काही परिस्थितीत पाच. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला अर्जाआधी भारतात सात वर्षं राहावं लागतं. ब्रिटनची गंमत निराळीच. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला कायदा तीन वर्षांची अट सांगतो. पण अर्जाच्या दिवशी कायम वास्तव्य हातात असायला हवं, आणि जोडीदाराच्या व्हिसावरून तिथवर पोचायलाच सहसा पाच वर्षं लागतात. कायद्यात तीन, कॅलेंडरवर पाच.

तिसरा दावा, बाळाचा. जन्मभूमीवरून नागरिकत्व देणारे देश मुख्यतः उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत: अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना वगैरे. बाकीच्यांनी ही दारं एकेक करून ओढून घेतली. ब्रिटननं १९८३ मध्ये, ऑस्ट्रेलियानं १९८६ मध्ये, न्यूझीलंडनं २००६ मध्ये. आयर्लंडमध्ये २००४ च्या सार्वमतात सुमारे ७९ टक्के लोकांनी घटनादुरुस्तीला होकार दिला. या सगळ्या देशांत आता आईबापांपैकी एकाचा तरी तिथला दर्जा किंवा वास्तव्य पाहतात.

पण समजा, मूल नागरिक झालं. आईबापांचं काय? याचं उत्तर अमेरिकेच्या ज्या खटल्यानं जन्मसिद्ध नागरिकत्व पक्कं केलं त्यातच आहे. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. चीनला जाऊन परतताना त्याला बंदरावर अडवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे तो अमेरिकन नागरिक आहे. मात्र त्याच काळात चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व द्यायला कायद्यानंच मनाई होती, आणि ती १९४३ पर्यंत टिकली. मुलगा नागरिक आणि आईबापांना त्या वाटेवर प्रवेशच नाही, अशी स्थिती एकाच घरात होती. आजही अमेरिकन मुलाला आईबापांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायला २१ वर्षांचं व्हावं लागतं. मधल्या काळात आईबाप बेकायदा राहून बाहेर पडले तर तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते.

ढकलपत्राला इथे थोडं माप द्यायला हवं. ब्राझीलमध्ये मूल ब्राझिलियन असेल तर आईबापांना वास्तव्य मिळू शकतं, आणि नागरिकत्वासाठी एरवी लागणारी चार वर्षांची मुदत एकावर येते. पोर्तुगीज मात्र यायला हवं. म्हणजे लिहिणाऱ्यानं ब्राझीलचं ऐकलं आणि नाव गाळलं, असं झालं असेल.

घर घ्या, पासपोर्ट घ्या या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. सेंट किट्स अँड नेव्हिस १९८४ पासून गुंतवणुकीवर थेट नागरिकत्व देतं, डॉमिनिका १९९३ पासून. असे देश आहेत, पण मोजके. जाहिरातीत जो ‘गोल्डन व्हिसा’ दिसतो तो निव्वळ राहण्याचा परवाना. ग्रीसमध्ये घर घेऊन हा परवाना मिळतो, पण नागरिकत्वासाठी प्रत्यक्ष सात वर्षं तिथे राहायला हवं, शिवाय ग्रीक भाषा. पोर्तुगालनं घरखरेदीची वाट २०२३ मध्ये बंद केली, स्पेननं सगळी योजनाच एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली. थेट पासपोर्ट विकणाऱ्यांचंही बरं चाललेलं नाही. सायप्रसनं २०२० मध्ये घोटाळ्याच्या बातम्यांनंतर योजना थांबवली. माल्टाची योजना युरोपीय न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. वानुआतूचा पासपोर्ट ज्यांनी युरोपात बिनव्हिसा फिरायला मिळावं म्हणून विकत घेतला, त्यांची ती सवलत युरोपीय संघानं आधी स्थगित केली आणि २०२४ च्या अखेरीस रद्दच केली. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत तिसऱ्यानंच उतरवली, आणि दाद मागणार कुठे?

शेवटचा दावा दुहेरी आहे. दोन नागरिकत्वं चालतात का, हे एका देशाला विचारून भागत नाही, दोघांना विचारावं लागतं. जर्मनीनं २०२४ मध्ये, नॉर्वेनं २०२० मध्ये मोकळीक दिली. जपान, सिंगापूर, चीन, भारत अजून देत नाहीत. नवा देश हो म्हणाला तरी जुन्या देशाच्या कायद्यानं तुमचं नागरिकत्व त्याच क्षणी संपलेलं असू शकतं. उलट काही देश आधी जुनं सोडून या, मग देतो म्हणतात. त्या मधल्या दिवसांत माणूस कुठलाच नसतो.

आणि काढून घेता येत नाही? कुवेतमध्ये लग्नामुळे नागरिक झालेल्या कितीतरी स्त्रियांचं नागरिकत्व २०२४ पासून रद्द झालं. तिथे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे त्यांतल्या अनेकींनी मूळ देशाचं कधीच सोडून दिलं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या घटना न्यायालयानं २०१३ मध्ये दिलेला निकाल तर मागे जाऊन १९२९ पासूनच्या जन्मांना लागू झाला, आणि हैतीतून आलेल्यांची तिथेच जन्मलेली मुलं-नातवंडं अधांतरी झाली. अर्जात खोटी माहिती दिली म्हणून नागरिकत्व जाणं तर अनेक देशांत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एवढंच स्पष्ट केलं की नागरिकत्व मिळण्याशी संबंध नसलेल्या फुटकळ खोट्यापायी ते काढता येणार नाही.

वकिलांच्या फीबद्दलची ओळ मी हसून सोडून दिली असती. पण त्याच पत्रात ‘पीआर म्हणजे जवळजवळ नागरिकत्वच’ असंही एक वाक्य आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. अमेरिकेत वाहन परवान्याच्या अर्जासोबत मतदार नोंदणीचाही फॉर्म पुढे येतो. त्यात ‘आपण अमेरिकन नागरिक आहात का?’ असा एक चौकोन असतो. ‘जवळजवळ’ आहोत म्हणून ग्रीन कार्डधारकानं तिथे खूण केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. १९९६ च्या कायद्यापासून अशा दाव्याची शिक्षा हद्दपारीपर्यंत जाते, आणि पुढे प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. पुढे तो नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा त्यातही विचारलेलं असतं: यापूर्वी कधी स्वतःला नागरिक म्हणवलं होतं का?