काळे असून रिपब्लिकन व्हायचंय? या, बसा

तर तुम्ही अमेरिकेत राहता, काळे आहात, आणि टॅक्स कमी असावा, सरकारने जरा लांबच राहावं असं तुम्हाला मनापासून वाटतं. छान. फक्त हे स्वतःच्या डोक्याने ठरवलं असं कुणाला सांगू नका, विश्वास बसत नाही लोकांचा. डेमोक्रॅट विचारणार किती पैसे मिळाले, रिपब्लिकन म्हणणार या या, पुढच्या रांगेत बसा, कॅमेऱ्यात नीट दिसाल असे.

आधी एक कष्टाळू आजोबा शोधा. त्यांच्याशिवाय भाषण उभंच राहत नाही. काळा रिपब्लिकन सिनेटर टिम स्कॉट, त्याचे आजोबा तिसरीत शाळा सोडून कापूस वेचायला गेले, सुप्रीम कोर्टाचा काळा न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस, त्यालाही आजोबांनीच वाढवलं. मग गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष, लिंकनचा पक्ष करत राहा, पण 1964 आलं की पान पटकन उलटा, कारण त्या वर्षी काळ्यांना समान हक्क देणाऱ्या सिव्हिल राइट्स कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या सिनेटर गोल्डवॉटरलाच याच पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट दिलं होतं.

पोलिसांचं काय म्हणता? सिनेटर झालात तरी आयडी खिशात ठेवा बरं का. 2016 मध्ये स्कॉटनेच सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं, निवडून आल्यावरही एका वर्षात सात वेळा गाडी अडवली, आणि कोटावरची सिनेटरची पिन बघून एक पोलिस म्हणाला, पिन ओळखतो, तुला नाही ओळखत, आयडी दाखव. हे सांगून झालं की पुन्हा म्हणायचं, अमेरिका वंशद्वेष्टा देश नाही. 2021 मध्ये तो हे टीव्हीवर म्हणाला आणि ट्विटरवर लगेच ‘अंकल टिम’ सुरू, म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या, आणि हे म्हणणारे स्वतः पुरोगामी बरं. डेमोक्रॅट बायडन तर 2020 च्या निवडणुकीत बोलून गेले होते की मी का ट्रम्प हे ठरत नसेल तर तुम्ही काळेच नाही! नंतर म्हणाले चुकलंच, पण तुमचं काळेपणाचं सर्टिफिकेट कुठल्या ऑफिसात मिळतं ते कळलं ना?

आणि हो, हसायची प्रॅक्टिस करा. जानेवारी 2024, न्यू हॅम्पशायर, रिपब्लिकन उमेदवारीच्या लढतीत ट्रम्प जिंकलेत, मागे स्कॉट उभा. हरलेली निकी हेली, जिने गव्हर्नर असताना याच स्कॉटला सिनेटवर नेमलं होतं. ट्रम्प माइकवरून त्याला म्हणतात, तू तिचा फारच राग करत असशील. स्कॉट पुढे येतो, माइकपाशी वाकतो, आणि म्हणतो, माझं तुमच्यावर प्रेम आहे, बस्स.

आरशासमोर करून बघा. पहिल्या वेळी जमत नाही.