मंत्रांना अर्थ नसतो म्हणणारा वेदवेडा प्राध्यापक

‘मंत्रांना अर्थ नसतो’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे अर्धे लोक चिडतात आणि अर्धे टाळ्या वाजवतात. दोघांनीही फ्रिट्स स्टाल वाचायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

१९३० साली अ‍ॅमस्टरडॅमला जन्मलेला हा माणूस गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकून मद्रासला आला, संस्कृत शिकला आणि केरळच्या नंबुद्री वैदिकांचं पठण ध्वनिमुद्रित करत हिंडला. अ‍ॅमस्टरडॅम आणि मग अमेरिकेतल्या बर्कलीची प्राध्यापकी नंतरची.

घनपाठ, म्हणजे शब्द उलटसुलट फिरवत वेद म्हणायची पद्धत, कधी लक्ष देऊन ऐकलाय? संधी सोडवून सांगायचं तर ‘अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्’. शब्द पुढे जातात, उलटे फिरतात, पुन्हा सुलट होतात. वाक्याच्या अर्थाचं काय होतं याची इथे कुणालाच फिकीर नाही, पण एक स्वर हलता कामा नये. स्टाल यांचं म्हणणं हेच, की इथे जपला जातो तो नियम. मंत्र त्यांना पाखरांच्या गाण्याच्या जवळचे वाटत. आणि यात वेदांचा अपमान शोधू नका. ‘अनर्थका हि मन्त्राः’ (मंत्र निरर्थकच असतात) हे कौत्स या जुन्या आचार्याचं मत यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या आपल्या ग्रंथात, नोंदवून खोडलंय. म्हणजे वाद आपल्याच घरातला, अडीच हजार वर्षांचा.

१९७५ च्या एप्रिलमध्ये त्रिचूरजवळच्या पांजाळ गावी नंबुद्रींनी अग्निचयन हा १२ दिवसांचा वैदिक यज्ञ केला. स्टाल यांनीच खटपट करून तो घडवून आणला आणि चित्रित करवला. हजारावर विटांची, पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची चिती, म्हणजे अग्नीची वेदी. बोकडांच्या बळीवरून वाद पेटला, तेव्हा केळीच्या पानात गुंडाळलेलं तांदळाचं पीठ पशूंच्या जागी आलं. शेवटी विधीचाच भाग म्हणून मंडपाला आग लावली. परदेशी पैसा आणि कॅमेरे यांवर टीका झाली, तीही रास्त होती. तरी ते चित्रण नसतं तर आज आपल्या हाती काय उरलं असतं?

विधींनाही अर्थ नसतो, ते नुसते नियम असतात, हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत घाटावर उभ्या असलेल्या मुलाला, यात नुसते नियम आहेत, असं कसं सांगणार? त्याला एकही मंत्र कळला नसेल, पण तो तिथून हलत नाही. हे स्टाल यांनी फार घाईने बाजूला सारलं.

पाणिनीबाबत मात्र ते शंभर टक्के बरोबर होते. त्याचं ‘इको यणचि’ हे सूत्र घ्या: पुढे स्वर आला की इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल येतात. कशाच्या जागी, काय, कशाच्या आधी, हे तिन्ही नुसत्या विभक्तींतून सांगितलं, आणि ‘इति + आदि’चं ‘इत्यादि’ झालं. १९६५ मध्ये स्टाल यांनी युक्लिड आणि पाणिनी शेजारी ठेवून दाखवलं, की शास्त्र कसं असावं याचा नमुना युरोपला भूमितीत मिळाला, भारताला व्याकरणात. आपल्या मुलांना मात्र हे सूत्र आजही दोन मार्कांसाठी घोकायला लावतात. संस्कृतच्या शिक्षकांनो, निदान एक तास तरी हे असं शिकवा ना!