ओहतानी एक धरायचा की दोन?

खऱ्या बेसबॉलमध्ये पैसे मालक देतो, भांडण एजंट करतो आणि खेळाडू फक्त खेळतो. फँटसी बेसबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कागदावर टीम करून त्यांच्या खऱ्या कामगिरीच्या आकड्यांवर खेळायच्या खेळात, मालक मी, एजंट मी, हिशेबनीसही मीच. आणि खेळाडूला मात्र मी त्याचा मालक आहे याचा पत्ताच नसतो. तरी त्याचा करार किती डॉलरचा असावा यावर दर मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एका बेसमेंटमध्ये बारा सुशिक्षित माणसं मध्यरात्र उलटेपर्यंत घसा कोरडा करतात.

१९८० मध्ये डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रमंडळींनी मॅनहॅटनमधल्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून ‘रोटिसरी’ बेसबॉल सुरू केला तेव्हा मामला साधा होता. प्रत्येकाला २६० डॉलर, लिलावात बोली लावा, टीम उभी करा. आमच्या लीगला मात्र करारांचं खूळ लागलं. खेळाडू तीन वर्षं राखता येतो, पण वाजवी किमतीला. ती ठरवायला समिती नेमली आणि एक्सेल येतं या गुन्ह्याखाली मला तिच्यात घातलं.

२०२५ च्या बैठकीत पहिलं नाव निघालं रोनाल्ड अकुन्या या खेळाडूचं. २०२३ मध्ये ४१ होमरन (आपला षटकारच समजा), ७३ चोरलेले बेस (चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पळत गाठलेले पुढचे टप्पे). माझं एक्सेल म्हणालं, ३५ डॉलर. त्याचा मालक कळवळला, “अरे, गुडघा बघ ना त्याचा!” गुडघा २०२४ च्या मेमध्ये गेला होता हे खरंच. पण हा गृहस्थ लिगामेंटबद्दल अशा आवाजात बोलत होता की जणू घरातलंच कुणीतरी ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. समिती विरघळली, १८ वर आली. चहा होतो न होतो तोच हा दुसऱ्याशी अदलाबदलीची बोलणी करताना ऐकू आला, “गुडघा? उलट आता नवाकोरा आहे!”

मग मी मेजर लीगची, म्हणजे खऱ्या व्यावसायिक बेसबॉलची, लवादाची पद्धत सुचवली. खेळाडू एक आकडा देतो, टीम दुसरा. लवादाने त्यातला एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. पद्धत सगळ्यांना पटली. पहिल्याच प्रकरणात लवादाने २० आणि ३० मधून २५ निवडले. “तुझं राहू दे, त्याचंही राहू दे.” आपल्या माणसांपुढे अमेरिकन कायदा टिकत नाही.

वरून सौ.ची हाक आली, “अहो, ते पैसे खरे आहेत का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “तरीच. ऑफिसात पगारवाढ मागताना इतकं तोंड उघडत नाही तुमचं.”

शेवटी ओहतानी. हा चेंडूही फेकतो आणि बॅटही चालवतो, म्हणजे करार एक की दोन? २०२४ मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे मॅचमध्ये त्याने एक चेंडू फेकला नाही, पण ५४ होमरन ठोकले आणि ५९ बेस चोरले. एकाचं म्हणणं, हात दुखावलेला आहे, सूट द्या. दुसरा म्हणाला, मग पाय जास्त चालले त्याचे वेगळे लावा. माझ्या एक्सेलमध्ये तोवर एका माणसाच्या चार ओळी झाल्या होत्या.

तेवढ्यात त्याच्या मालकाने हुकमी पान टाकलं. त्याच्या खऱ्या टीमने, डॉजर्सनी, ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले, पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ दरम्यान द्यायचे आहेत. “मीही तसंच करतो. यंदा एक डॉलर, उरलेले २०३४ पासून.” नियमावली चाळली, मनाई कुठेच नव्हती. उलट कुणीतरी बॉबी बोनिया या जुन्या खेळाडूचा दाखला दिला; निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी त्याची जुनी टीम मेट्स त्याला दर १ जुलैला जवळजवळ १२ लाख डॉलर देतात, तेही २०३५ पर्यंत.

“पण तोवर तू या देशात असशील का?” आमच्या लीगच्या कमिशनरांनी विचारलं.

“ग्रीन कार्डच्या रांगेत आहे.”

“मग २०३४ मध्ये नक्कीच असशील. रांगेतच.”

तारण म्हणून हे चालेल का, यावर सहा विरुद्ध सहा मतं पडली आणि ओहतानी पुढच्या शनिवारवर ढकलला गेला.