लांब कील असली की यॉट सरळ चालते, हा दावा अर्धवट आहे

गेल्या काही महिन्यांपासून नाशिकमधील शिडाच्या नौकांचा नाद असलेल्या मंडळींत एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: ज्या यॉटची कील, म्हणजे तळाखालचा पात्यासारखा उभा भाग, जवळजवळ पूर्ण लांबीभर सलग असते, तीच यॉट सुकाणू सोडले तरी सरळ चालते, फिन कीलची, म्हणजे मध्यभागी आखूड पण खोल पाते असलेली यॉट भरकटत राहते, जोशुआ स्लोकम यांची ‘स्प्रे’ ही नौका आणि एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतील फिन कीलवरची बंदी हे याचे पुरावे आहेत, आणि मागून लाटा येत असतील तर लांब कीलला पर्यायच नाही. या मजकुरावर विसंबून आपल्यापैकी काही जण मुंबईत भागीदारीत जुनी यॉट घेण्याचा विचार करत आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्दा नीट तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिला मुद्दा लांबी आणि सरळ चाल यांच्या नात्याचा आहे. येथे दोन वेगळे गुण एकत्र कालवले गेले आहेत. नौका सावकाश वळणे हा एक गुण, आणि धक्का बसून वळल्यावर ती आपणहून पूर्वीच्या दिशेकडे परतणे हा दुसरा. लांब कीलमुळे पहिला गुण निश्चित मिळतो, कारण वळताना तळाच्या पूर्ण लांबीला पाणी बाजूला रेटावे लागते. दुसरा गुण मात्र लांबीवर नव्हे, तर पाण्याचा आडवा दाब कोठे पडतो यावर अवलंबून असतो. शिडावर चालणारी यॉट वाऱ्याच्या रेट्याने नेहमी काही अंश तिरपी सरकत असते आणि त्या तिरप्या प्रवाहामुळेच कीलवर आडवा जोर निर्माण होतो. हा जोर सलग लांब कीलवर सर्वत्र सारखा पसरत नाही. त्याचा बराचसा भाग पुढच्या कडेजवळ एकवटतो. त्यामुळे नौका थोडी वळली की हा पुढचा जोर तिला आणखी वळवू पाहतो. तिला परत आणणारा जोर हवा असेल तर नौकेच्या मध्यापासून दूर, मागे, पुरेसे क्षेत्रफळ लागते.

ओझरला विमानबांधणीत आयुष्य घालवलेल्या आपल्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको, कारण विमानाचे उभे शेपूट याच कामासाठी असते. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी गंगापूर रस्त्यालगत गोदावरीत रोइंगचा सराव करणाऱ्या मुलांची नौका काठावर उलटी ठेवलेली असताना तिचा तळ पाहावा. आपल्या जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात उतरले, त्या एकेरी स्कल (एकट्याने दोन वल्ही मारण्याच्या) प्रकारातील नौका सुमारे 8 मीटर लांब असते आणि तिला कील म्हणावी अशी काहीच नसते. तळाला मागच्या बाजूस तळहाताएवढे एक पातळ पाते तेवढे असते. ते पाते तुटले किंवा त्यात शेवाळ अडकले तर इतकी लांब, निमुळती नौकाही प्रत्येक फटक्यागणिक नाक इकडे तिकडे फिरवू लागते. चांगल्या फिन कीलच्या यॉटमध्ये हेच काम अगदी मागे बसवलेले सुकाणू आणि असल्यास त्याच्या पुढचा स्केग, म्हणजे तळाला जोडलेले छोटे स्थिर पाते, करतो. उलट, पुढचा तळ कापलेल्या व मागचा खांब तिरका असलेल्या अनेक जुन्या लांब कीलच्या यॉटमध्ये सुकाणू कीलच्या मागच्या कडेला जोडलेले, म्हणजे पाण्याखाली पाहता बरेच पुढे असते. तेथे तरफेची लांबी कमी पडते आणि सुकाणू फिरवण्याचा दांडा हाताला जड लागतो.

‘सुकाणू सोडले तरी’ या शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण साऱ्या गोंधळाचे मूळ तेथेच आहे. सुकाणू मोकळे सोडणे आणि ते बांधून ठेवणे यांत मोठा फरक आहे. बांधलेले सुकाणू हे पाण्याखालचे स्थिर पाते असते आणि नौकेला दिशा धरायला मदत करते. मोकळे सोडलेले सुकाणू प्रवाहाबरोबर फिरते आणि ती मदत बरीचशी संपते. ज्या सुकाण्याचा आस त्याच्या पुढच्या कडेपासून थोडा आत असतो, ते हाताला हलके लागते, पण सोडल्यावर फारच सहज फिरते. म्हणून फिन कीलच्या काही यॉट हात काढताच वळू लागतात हे खरे आहे. मात्र त्याचे खापर कीलवर फोडण्याआधी सुकाण्याची रचना पाहायला हवी. आणि त्याहूनही आधी शिडे पाहायला हवीत. नौका कलली की शिडांवरील रेट्याचा केंद्रबिंदू तळाच्या रेषेबाहेर जातो आणि नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळू लागते. मुख्य शीड जास्त ताणलेले असेल, किंवा वारा वाढूनही ते आखडून घेतलेले नसेल, तर लांब कीलची यॉटसुद्धा वाऱ्याकडे वळतेच. फरक इतकाच की ती सावकाश वळते आणि तिला परत आणतानाही तितकाच वेळ व जोर लागतो.

आता ‘स्प्रे’. स्लोकम यांनी 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि थर्सडे बेटापासून कीलिंग कोकोस बेटांपर्यंतच्या 23 दिवसांत आपण एकूण तीन तासांहून अधिक वेळ चाकाशी नव्हतो, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. परंतु ते चाक मोकळे नसे, दोरीने बांधलेले असे, आणि शिडे कमी-जास्त करून ते नौकेचा तोल साधत. रुंद, उथळ तळाच्या त्या नौकेत शिडांचा रेटा आणि पाण्याचा प्रतिकार यांचा उत्तम मेळ बसला होता. लांब कीलने त्याला हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही; पण केवळ तिच्या लांबीला सारे श्रेय देणे हा स्लोकम यांच्या कौशल्यावरही अन्याय आहे. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ची गोष्टही अशीच आहे. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. ऑस्ट्रेलियाच्या जवळपास त्यांचे वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र निकामी झाले आणि पुढचा प्रवास त्यांनी मुख्यतः शिडांचा तोल साधून रेटला.

गोल्डन ग्लोब शर्यतीच्या नियमाचा अर्थ मजकुरात सरळ उलटा लावलेला आहे. 1988 पूर्वीचा आराखडा, लांब कील आणि तिच्या मागच्या कडेला जोडलेले सुकाणू या अटी फिन कील कुचकामी ठरल्यामुळे आलेल्या नाहीत; 1968 च्या शर्यतीचे स्वरूप पुन्हा उभे करणे हा त्यांचा हेतू आहे. त्याच शर्यतीत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूयंत्राला परवानगी आहे, आणि लांब कील असूनही स्पर्धक त्यावरच विसंबून असतात. कील एकटीच नौका सरळ नेत असती तर ते यंत्र बसवण्याची आणि भर समुद्रात दुरुस्त करत बसण्याची वेळ कोणावर आली नसती. 2018 च्या याच शर्यतीत भारतीय स्पर्धक अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ हिंदी महासागरातील वादळात उलथली व तिच्या डोलकाठ्या मोडल्या. तीही लांब कीलचीच होती. अर्थात तेवढ्यावरून लांब कीलला दोष देणे तितकेच चुकीचे ठरेल, कारण तशा लाटेपुढे दोन्ही प्रकारच्या छोट्या नौकांची तीच गत होऊ शकते.

मागून येणाऱ्या लाटांबाबतचा दावा सर्वांत धोक्याचा आहे. लाटेच्या माथ्यावर पाणी पुढे सरकते आणि दरीत मागे येते. मागचे टोक माथ्यावर आणि पुढचे टोक दरीत असते तेव्हा नौकेला आडवे फिरवणारा जोर तयार होतो. अशा वेळी पुढच्या बाजूला खोल गेलेला तळ पाण्यात रुततो आणि नौका त्याभोवती फिरते, तर लांब कीलच्या कडेचे सुकाणू तिला वेळेवर सावरू शकत नाही. बिल लॅपवर्थ यांच्या 1963 च्या ‘कॅल 40’ या आराखड्यात फिन कील आणि तिच्यापासून वेगळे, अगदी मागे बसवलेले सुकाणू होते. लॉस एंजेलिस ते होनोलुलू या शर्यतीत बहुतेक वेळ वारा व लाटा मागूनच असतात. दर दोन वर्षांनी होणारी ती शर्यत 1965, 1967 आणि 1969 अशी सलग तीन वेळा याच आराखड्याच्या यॉटनी जिंकली. फिन कीलच्या आधुनिक यॉटही आडव्या फिरतात, पण त्याचे कारण बहुधा रुंद मागचा भाग कलल्यावर सुकाणू पाण्याबाहेर निघणे हे असते, आणि म्हणूनच आता अनेक रुंद यॉटना दोन सुकाणी बसवतात.

लांब कीलचे खरे फायदे त्या मजकुरात आलेलेच नाहीत: वादळात नौका थोपवून धरणे बहुतेकदा सोपे जाते, मासेमारीच्या जाळ्यांपासून व तळ घासण्यापासून सुकाण्याला संरक्षण मिळते, आणि कीलचा सांधा लांबवर पसरलेला असल्याने ताण विभागला जातो. बंदरात इंजिनावर मागे घेताना मात्र हीच यॉट कोणाचे ऐकत नाही.

खरेदीपूर्वी मुंबईत यॉट पाण्यावर पाहाल तेव्हा मध्यम वाऱ्यात तिला वाऱ्याच्या शक्य तितक्या जवळ न्या, शिडे नीट लावा आणि दांडा मध्यरेषेपासून किती धरावा लागतो ते पाहा. तीन-चार अंश धरावा लागत असेल तर तोल उत्तम आहे. दहाच्या पुढे जात असेल तर आधी मुख्य शीड थोडे आखडून पाहा आणि मग मालकाला डोलकाठीच्या कलाविषयी विचारा. कीलच्या लांबीचा प्रश्न त्यानंतर येतो.