पिस्तुलाची गोळी डावीकडे खाली जाते, तो साइटचा दोष?

लातूर, बीड, परभणीकडच्या नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गोळी डावीकडे खाली जात असेल तर साइट बिघडलाय, तो फिरवून घ्या. आणि नजर टार्गेटवरून हलवू नका.’ साइट म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण: पुढे नळीच्या टोकाला फोरसाइट, मागे खाचेची बॅकसाइट. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी तिकडे जाते ती बहुतेक वेळा ट्रिगर झटक्याने ओढल्यामुळे. धक्का बसणार हे मनाला आधीच कळलेलं असतं. मनगट गोळी सुटण्याआधीच खाली दबतं. अशा वेळी साइट फिरवला की चुकीलाच माप लावून दिल्यासारखं होतं. अनुभवी माणसाला त्याच पिस्तुलाने पाच गोळ्या मारायला लावा. त्याच्या मधोमध बसल्या तर साइट ठीक आहे.

नजरेचं तर साधं गणित आहे. दोन साइटमधलं अंतर 20 सेंटिमीटर धरा. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर भरकटते. उलट साइट जुळलेले ठेवून अख्खा हात 1 सेंटिमीटर हलला, तर चूकही सेंटिमीटरभरच. म्हणून नजर फोरसाइटवर हवी. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं.

सुधारणा होते ती गोळीविना ट्रिगरच्या सरावाने, तोही कोचसमोर आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याची दोनदा खात्री करूनच. पॉइंट टू टू (.22 कॅलिबरच्या) पिस्तुलात मात्र डमी काडतूस घाला, नाहीतर बऱ्याच मॉडेलांत फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) चेंबरच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होतात.